बोरस्ते सरांचा आवाज

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. अमावास्येला नवी चप्पल घेते, मांजर आडवं गेलं तर त्यालाच ओरडते. लोकांचे असले अनुभव वाचून आजवर फक्त हसलेय. पण हा अनुभव माझ्या आईचा आहे, आणि आई थापा मारत नसे... तिला ते जमायचंच नाही.

आम्ही गंगापूर रोडच्या आतल्या एका कॉलनीत राहायचो. वडील गेल्यावर घरात आई आणि मी, दोघीच. आई मूळची पुण्याची. मी शाळेत असताना ती एका मोठ्या आजारातून उठली, पण कान गेले ते गेलेच. पुणं सोडून आम्ही इकडे आलो ते त्यानंतर. मशीन लावून पाहिलं, काही उपयोग झाला नाही. माझं बोलणं ती ओठांवरून ओळखायची. बाकीचे लोक एकतर तिच्या कानाशी बोंबलायचे, नाहीतर तिला वगळून मला विचारायचे – "आईंना चहा चालेल का?" आई समोर बसलेली! माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

नव्वदच्या दशकात आमच्या कोपऱ्यावर बोरस्ते सरांनी छोटंसं दुकान टाकलं. सर निफाडकडच्या एका शाळेतून रिटायर झालेले, विज्ञानाचे शिक्षक. कुकरच्या रिंगा, शिट्ट्या, स्टोव्हच्या वाती, गॅसच्या नळ्या असला माल. नळी विकली की घरी येऊन स्वतः बसवायचे, जोडावर साबणाचा फेस लावून बुडबुडा येतो का ते बघायचे, आणि घरातल्या सगळ्यांना बोलावून बघायला लावायचे. एका नळीमागे अख्खी सकाळ गेली तरी चालेल. शिकवल्याशिवाय त्यांना करमतच नसे.

पहिल्याच भेटीत अडचण आली. सरांच्या मिशा एवढ्या झुपकेदार, की ओठ दिसेनात. आई सरळ म्हणाली, "सर, मिशा कापा, म्हणजे तुमचं कळेल मला." स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे ती मोठ्याने बोलायची, त्यामुळे हे गल्लीभर ऐकू गेलं. सर पोट धरून हसले. मिशा काही कापल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी काउंटरवर शाळेची पाटी आणि खडू आला.

पुढे कितीतरी वर्षं सर त्या पाटीवर आईशी बोलले. नुसतं रिंगेचं माप नाही हो... यंदा द्राक्षांचं काय झालं, सूनबाईंनी आज भाजीत मीठ कसं दोनदा टाकलं, सगळं. अक्षर मोत्यासारखं, भाषा पुस्तकी – 'आज उकाडा फार आहे. आपण पाणी घ्यावे.' आई उत्तर तोंडाने देणार. म्हणजे अर्धं संभाषण पाटीवर आणि अर्धं गल्लीत! ती घरी यायची ती हसतच. चार माणसांत बसून बोलून आल्याचं सुख तिला त्या दुकानात मिळायचं. आम्हा घरच्यांना, नातेवाइकांना कुणालाच ते सुचलं नव्हतं.

तोंडाने बोलताना मात्र सर पक्के निफाडचे. "काय पोरी, लय उशीर झाला आज?" मी हे रोज ऐकायचे. आईने ऐकायचा प्रश्नच नव्हता.

दोन हजार साल उलटल्यावर सर थकले, आजारी पडले आणि गेले. आई त्या दिवशी जेवली नाही. दुकानही बंद झालं.

त्यानंतरच्या थंडीतली गोष्ट. मी ऑफिसात होते. आईला सर्दी झालेली, नाक चोंदलेलं. दुपारी दूध तापत ठेवून ती आतल्या खोलीत जरा आडवी झाली आणि तिचा डोळा लागला. दूध उतू गेलं, शेगडी विझली, गॅस चालूच राहिला. थंडीमुळे दारं-खिडक्या बंद. नाकाला वास नाही, कानाला आवाज नाही. आणि ती खोली अशी अंधारी, की उठल्या उठल्या आई आधी दिव्याचं बटण दाबायची.

संध्याकाळी मी आले तर आई अंगणात खुर्चीवर, शेजारी शिंदेकाकू, घर सताड उघडं. काकू म्हणाल्या, "अगं, वास आला म्हणून मी धावत आले. केवढा गॅस कोंडला होता! पण तुझ्या आई आधीच बाहेर येऊन उभ्या."

"आई, तुला कळलं कसं?"

"सरांनी उठवलं."

"स्वप्न पडलं असेल. पाटीवर लिहिलेलं दिसलं का?"

"पाटी कुठली? बोलले ते. ऐकलं मी." मग तिने जसंच्या तसं म्हणून दाखवलं – "ताई, उठा. ग्यास येऊ ऱ्हायला. बटनाला हात लावू नका. आधी दार उघडा."

तिच्या तोंडी असं बोलणं मी जन्मात ऐकलं नव्हतं.

"सर असे बोलायचे, हे तुला कुणी सांगितलं?"

आई माझ्याकडे बघतच राहिली. "म्हणजे... खरंच असे बोलायचे? मला वाटायचं, लिहितात तसंच बोलत असतील." मग म्हणाली, "आवाज बसका आहे गं त्यांचा. पण मऊ."

तसाच होता.

माझी एक डॉक्टर मैत्रीण म्हणाली, झोपेतही मेंदूला धोका जाणवतो. जाणवत असेल. पण आईचा मेंदू निफाडचं बोलणं कुठे शिकला, ते त्या मैत्रिणीलाही सांगता येईना. मलाही आजतागायत येत नाही, आणि मी आता वादही घालत नाही. त्या दुपारनंतर आई मला पुष्कळ वर्षं लाभली. माझं लग्न तिने डोळे भरून पाहिलं, नातीच्या वेण्या घातल्या. सरांचे उपकार मानायला मला कारण कळायची गरज नाही.

एक मात्र बदललं. नवीन कुणी भेटलं की आई आधीच सांगून टाकायची, "मला ऐकू येत नाही." त्या दिवसापासून शेवटपर्यंत ती म्हणत राहिली, "मला फारसं ऐकू येत नाही."