गणपतीच्या भिंतीवरचा डाग

भूमी अभिलेख कार्यालयात तीस वर्षं नोकरी केली. म्हणजे तीस वर्षं लोकांची भांडणं टेपने मोजली. वीतभर बांधासाठी सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड बघत नसत, पण तारखेला मात्र एकाच एसटीने येत. आमच्याकडचा माणूस एकवेळ जेवण चुकवेल, तारीख चुकवणार नाही. ते सगळं बघून मी निवृत्तीच्या दिवशी शपथच घेतली होती, की आपण काही झालं तरी कोर्टाची पायरी चढायची नाही. ती शपथ मी मोडली, आणि मोडली ती एका गळक्या गच्चीपायी.

आमचं घर रत्नागिरी शहराच्या कडेला आहे. भिंती जांभ्या दगडाच्या, वर स्लॅब. गणपती याच घरात बसतो. खरं तर मान थोरल्या दिरांचा, पण ते नोकरीनिमित्त ठाण्याला गेले आणि तिथलेच झाले. दर वर्षी गणपतीला सगळं गोकुळ इथे उतरतं. पंधरा-सोळा माणसं, पाच दिवस, आणि रांधायला मी. कटकट करत करते, पण त्या पाच दिवसांसाठीच मी बाकीचं वर्ष काढते, हेही खरं.

तीन वर्षांपूर्वी आरती चालू असताना छतातून थेंब पडला, नेमका मखरावर. मग दुसरा. थोरल्या भावोजींनी खांद्यावरच्या उपरण्याने मखर पुसलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "असंच होणार असेल तर पुढे गणपती ठाण्याला नेऊ. उगाच तुम्हाला त्रास." आवाज मऊ होता. पण मला तो थेंब जितका लागला नाही, तितकं ते वाक्य लागलं. एकदा गणपती गेला की माणसं येत नाहीत. आमच्या वाडीतल्या तीन घरांना मी असंच कुलूप लागताना पाहिलं आहे.

म्हणून त्यानंतरच्या मे महिन्यात मी गच्चीचं वॉटरप्रूफिंग करायला काढलं. भावोजींनी फोनवर सांगितलं होतं, आपल्या जुन्या गवंड्यालाच बोलाव. मी म्हटलं, छे, काम पक्कं हवं. आणि पालीचा एक लायसनवाला ठेकेदार गाठला. त्याने लायसनची लॅमिनेट केलेली प्रत दाखवली, दहा वर्षांचं वॉरंटी कार्ड दिलं आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, "ताई, धा वर्सं वर बगायला नको. पानी आत आला तर माजं नाव बदला." तीन दिवसांत काम संपलं. गच्ची पांढरीशुभ्र दिसत होती. नवऱ्याने विचारलं, जुना थर न खरवडता वरूनच कसं लावलं? मी म्हटलं, तुम्ही टेलिफोनच्या तारा जोडल्यात, गच्चीतलं तुम्हाला काय कळतं? हे वाक्य ते मला अजून ऐकवतात.

जुलैत दिवाणखान्याची भिंत फुगली. तीच भिंत, जिच्यासमोर गणपती बसतो. जांभा दगड पाणी पितो आणि सावकाश सोडतो, त्यामुळे डाग रोज थोडा थोडा मोठा होत गेला. ठेकेदाराला फोन केला की तो म्हणे, "उद्या येतंय." पुढे पुढे फोन उचलणंच बंद झालं. त्या वर्षी मी मखरामागे जांभळा पडदा लावून वेळ मारून नेली. भावोजी म्हणाले, पडदा छान दिसतोय. मी त्यांना आणखी एक मोदक वाढला. ठेकेदार माझ्या हट्टाने आणलेला, मग कुठल्या तोंडाने सांगणार?

गणपती गेल्यावर मी ग्राहक आयोगात तक्रार केली. अर्ज स्वतः लिहिला. तीस वर्षं दुसऱ्यांचे अर्ज वाचलेले, त्याचा तेवढा उपयोग झाला. भिंतीचे फोटो जोडले. ठेकेदाराच्या वकिलाने उत्तर दिलं की फोटोतली भिंत कोणाचीही असू शकते आणि कोकणात भिंतींना ओल येतेच. तेव्हा आयोगाने ठरवलं की एक इंजिनियर पुढच्या पावसाळ्यात घरी येऊन पाहील आणि अहवाल देईल. म्हणजे सगळी मदार त्या भिंतीवर.

आणि इथे मी जी माती खाल्ली, ती आमच्याकडचंच माणूस खाऊ जाणे. गणपती बारा दिवसांवर आले आणि मी भिंत रंगवून घेतली.

विचार असा केलाच नाही. गणपतीच्या आधी घराला रंग काढायचा, हे आमच्या हाडात भिनलेलं. कर्ज काढतील पण रंग काढतील. रंगारी आला, त्याने फुगलेला गिलावा खरवडला, पुट्टी भरली, दोन हात मारले. भिंत आरशासारखी झाली. मी खूश होऊन नवऱ्याला म्हटलं, बघा, आता पडदासुद्धा नको. दुसऱ्या दिवशी आयोगाचं पत्र आलं, इंजिनियर पुढच्या आठवड्यात येणार. नवऱ्याने पत्र वाचलं, भिंतीकडे पाहिलं, आणि चष्मा काढून पुसत बसले.  ओरडले असते तर बरं झालं असतं, मला निदान भांडता आलं असतं. चुलत्याच्या नावचा सातबारा हरवणाऱ्यांना मी ऑफिसात काय काय बोलले होते, ते सगळं त्या संध्याकाळी मी स्वतःला बोलून घेतलं.

ठरल्या दिवशी इंजिनियर आला. पन्नाशीचा, शांत माणूस. ठेकेदारही आला होता. त्याने भिंत पाहिली आणि त्याचा चेहरा फुलला. "बगा सायेब, भिंत कशी लोन्यासारखी! कुठाय गळती?"

इंजिनियर भिंतीवरून हात फिरवत मला म्हणाला, "कधी रंग काढलात?"

"गेल्या आठवड्यात," मी म्हटलं. मान वर होत नव्हती.

"गणपती?"

"हो."

तो हसला. त्याच्या नखांत निळा रंग अडकलेला होता. "आमच्याकडे रंग काल काढून झाला," तो म्हणाला. मग गंभीर झाला. "दोन वाटा आहेत. एक, मला दिसतंय तसं मी लिहितो. दुसरी, गच्चीची पाणी जायची भोकं बुजवून वर पाणी भरून ठेवू. दोन दिवस. काम खरंच वाईट असेल तर पाणी खाली येईल. पण मग ही भिंत गेली. तुमचे गणपती कधी?"

"पाच दिवसांनी."

नवऱ्याने हळूच सांगितलं, "राहू दे. यंदाचं पार पडू दे." त्यांचंही चूक नव्हतं. भावोजी तीन दिवसांनी निघणार होते. ओली भिंत पाहिली की ते काय बोलणार, हे आम्हा दोघांनाही पाठ होतं. पण मला त्या पडद्याचा वीट आला होता. मी जुनं गोणपाट घेतलं, गच्चीवर गेले आणि भोकात स्वतःच्या हाताने कोंबलं.

पुढचे दोन दिवस मी भिंतीसमोर खुर्ची टाकून बसले. देवाला आयुष्यात बरंच काही मागितलं, पण गळू दे म्हणून पहिल्यांदाच हात जोडले. पहिला दिवस कोरडा गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी, चहा ओतत होते, तर छताच्या कोपऱ्यात पिवळसर रेघ दिसली. बघता बघता ती मखराच्या जागेपर्यंत उतरली. मी टाळी वाजवली आणि लगेच आठवलं, भावोजी दोन दिवसांत पोचणार.

इंजिनियरने फोटो काढले, मापं घेतली, गच्ची कठड्याला मिळते तिथला थर नखाने सोलून दाखवला. खाली काहीच धरलेलं नव्हतं. ठेकेदाराने तो सोललेला तुकडा हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाला, "मानसांनी घाई केली, ताई. मी बगायला यायला पायजे होतो." त्याचं मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. निकाल नंतर लागला, आमच्या बाजूने. काम पुन्हा करून घेण्याइतकी भरपाई मिळाली. ते काम मी जुन्या गवंड्याकडून करून घेतलं आणि आता गच्ची ठणठणीत आहे. हे इथेच सांगून टाकते, कारण माझा खरा निकाल त्याच्या कितीतरी आधी लागला होता.

भावोजी चतुर्थीच्या आदल्या दिवशी पोचले. पिशव्या हातातच होत्या आणि नजर सरळ भिंतीवर गेली. मी पडदा बाहेर काढलाच नव्हता. त्यांना पाणी दिलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. ठेकेदार, गेल्या वर्षीचा पडदा, केस, रंग, गोणपाट. शेवटी म्हटलं, "आता तुम्ही ठरवा. न्यायचा असेल तर न्या."

ते खुर्चीवर बसले. "गळतीसाठी नेऊ म्हणालो, असं वाटलं तुला?"

"मग?"

"त्या वर्षी तू पुऱ्या तळत होतीस आणि तुझा हात थरथरत होता. मला वाटलं, हिला झेपत नाही आणि ही नको म्हणणारी नव्हे. म्हणून आपणच म्हणावं." त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "तू लगेच हो म्हणशील असं वाटलं होतं. तर तू गच्चीच करायला काढलीस. मग माझी पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही."

दोन वर्षं मी ज्या माणसाशी मनातल्या मनात भांडत होते, तो माझा थरथरता हात बघत होता.

"झेपत नाही," मी म्हटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा म्हटलं. "पण गणपती इथेच बसेल."

"इथेच बसेल," ते म्हणाले, आणि उठून स्वयंपाकघरात गेले. आतून त्यांचा आवाज आला, "पीठ कुठल्या डब्यात आहे? यंदा पुऱ्या मी लाटणार."