दारावरचा फ्लेक्स आणि न दिसणारी बाजरी

सत्काराचा फ्लेक्स मी बियाण्यांच्या खोलीच्या दारावर बांधला. ज्या खोलीसाठी पाहुणी परदेशातून आमच्या पारनेर तालुक्यातल्या गावात येणार होती, तिचं दार झाकून.

कारण साधं होतं. त्याच भिंतीला दोन्ही बाजूंनी खुंट्या होत्या, आणि उजेड असा पडायचा की फोटो झकास यावा. फ्लेक्सवर पाहुणीचा फोटो होता, बायकांच्या बचत गटाचा होता आणि माझाही होता. माझा सगळ्यांत मोठा होता हे छापणाऱ्याचं काम, असं मी सांगत होतो. खाली लिहिलं होतं, ‘दुभाषक व इंग्रजीतज्ज्ञ’. हा मजकूर मात्र मीच दिला होता.

गटाची प्रमुख माझी बायको. तिनं आणि गटातल्या बायकांनी दारोदार फिरून गावरान बाजरी, हुलगा, मटकी, तूर असं जुनं बियाणं गोळा केलं होतं. राख मिसळून, वर कडुलिंबाचा पाला घालून मडक्यांत भरलं होतं. पाहुणीची संस्था तालुक्यातल्या एकाच गावात बियाण्यांचं केंद्र करणार होती. तिथं आसपासच्या गावांतल्या बायका शिकायला येणार. आमचं गाव किंवा डोंगरापलीकडचं. पाहुणीकडे आमच्यासाठी तासभर होता.

त्यातला पाऊण तास सत्कारात गेला. ओटी झाली, शाल झाली, श्रीफळ झालं. एप्रिलच्या उकाड्यात ती बाई मांडवात शाल पांघरून, मांडीवर नारळ घेऊन बसली. मग मी बोललो. विषय बियाण्यांचा होता, मी इंग्रजी भाषेच्या महत्त्वावर बोललो. तेही इंग्रजीत. बायकांनी दोन वेळा टाळ्या वाजवल्या, दोन्ही वेळा मी पाणी प्यायला थांबलो होतो.

शेवटी पाहुणी बोलली. आवाज लोण्यासारखा. म्हणाली, तुम्ही सगळ्या फार प्रेमळ आहात, पण ‘आय डोन्ट सी’ हे गाव इतरांहून वेगळं कसं. मग थोडं थांबून, ‘आय कान्ट सी’ हे केंद्र इथं चालताना.

मी तीस वर्षं दहावीला इंग्रजी शिकवलं. ही इंग्रज माणसं तोंडावर नाही म्हणत नाहीत हे मला पक्कं ठाऊक होतं. पटलं नाही, तर त्यांना दिसत नाही. एखादी गोष्ट व्हायची नसेल, तर तीही दिसत नाही. डोळे ठणठणीत असतात, पण नकार द्यायची वेळ आली की त्यांच्यासमोर एकदम धुकं उतरतं. ही बाई दोनदा न दिसून मोकळी झाली होती. म्हणजे केंद्र गेलं डोंगरापलीकडं.

वीस बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या. पाहुण्याचा नकार जसाच्या तसा सांगायचा नाही, ही आपल्याकडची रीत. सोयरीक मोडली तरी आपण ‘कळवतो’ म्हणतो. मी घसा साफ केला.

“बाई म्हणतात, बघू.”

बायकोनं पदर खोचला. “बघू म्हन्ल्या? मंग न्हाईच म्हन्ल्या की.”

“अगं, तसं नाही.”

“तसंच हाय. घरात फडताळ करा म्हन्लं, तवा तुमी बघूच म्हन्ला हुता. बारा वर्सं झाली.”

तेव्हा मला पहिल्यांदा उमगलं की ते दिसत नाही म्हणून टाळतात, आणि आपण बघू म्हणून टाळतो. तीस वर्षं वर्गात हे सुचलं असतं तर पोरांचं भलं झालं असतं. पण विचार करायला सवड नव्हती. बायको विळा घेऊन निघाली होती.

दोन खुंट्यांच्या दोन सुतळ्या तिनं कापल्या. फ्लेक्स घसरला आणि माझा फोटो तोंडावर पडला. तिनं त्यावर पाय देऊनच दार उघडलं. मुद्दाम नव्हे. निदान मी तसं धरून चालतो.

आतून कडुलिंबाचा वास आला. पाहुणी वाकून आत गेली ती नारळ मांडवातच ठेवून. चारी भिंतींना मडकी, वर टांगलेली कणसं. गटातली सगळ्यांत वयस्कर बाई, जिला सगळं गाव आत्या म्हणतं, तिनं बाजरीचं एक केसाळ कणीस काढलं आणि पाहुणीच्या मनगटावर घासलं. पाहुणीनं हात झटकला.

“टोचलं न्हवं?” आत्या म्हणाली. “पाखराला बी टोचतं. म्हनून ह्याच्यावर पाखरू बसत न्हाई. सांगा गुर्जी.”

“जसंच्या तसं सांगा,” बायको म्हणाली. “साखर घालू नका.”

मी सांगितलं. पाहुणीनं ते कणीस मागून घेतलं, आपणच पुन्हा मनगटावर घासून बघितलं. मग तिचे प्रश्न सुटले. पाऊस दडी मारतो त्या वर्षी काय पेरता? बायको म्हणाली, हुलगा. बी उगवेल हे पेरणीआधी कसं कळतं? आत्यानं ओल्या फडक्याची पुरचुंडी सोडली, आत मोडांनी पांढरी झालेली मटकी. माझ्या तोंडाला कोरड पडली, पण एकाही वाक्याला मी हात लावला नाही. बाहेर पाहुणीच्या गाडीचा ड्रायव्हर हॉर्न देत राहिला. तास कधीच उलटला होता.

शेवटी बायकोनं विचारायला लावलं, “दुसऱ्या गावच्या बाया हितं आल्या, आन् आमी शिकवलं, तर चालंल का?”

पाहुणी हसली. “आय डोन्ट सी व्हाय नॉट.”

खोलीतल्या निम्म्या बायकांना तेवढं ‘नॉट’ कळलं. त्यांचे चेहरे उतरले.

“हो म्हणाल्या,” मी ओरडलोच. “न चालायला कारणच दिसत नाही म्हणाल्या. म्हणजे चालेल.”

बायकोनं माझ्याकडे रोखून पाहिलं. “साखर?”

“चिमूटभरसुद्धा नाही.”

तरी तिनं पाहुणीकडेच बघून, हो ना अशी मान वरखाली हलवून विचारलं. पाहुणीनं तशीच मान हलवली आणि आत्याचे दोन्ही हात धरले. त्यानंतर खोलीत जो कालवा झाला तो मला भाषांतरित करावा लागला नाही. जाताना ती कणीस घेऊन गेली. नारळ विसरली.

जूनच्या आधी केंद्र सुरू झालं. डोंगरापलीकडच्यासुद्धा बायका टेम्पो करून आल्या. त्या दिवशी माझी बायको बिनमाईकची बोलली आणि मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेली. मला इतकं भरून आलं की आलेल्यांना थोडी प्रस्तावना द्यावी म्हणून मी दारात उभा राहिलो. इंग्रज माणसाचं न दिसणं आणि आपलं बघणं, यावर दोन शब्द. दुसऱ्या शब्दावर होतो, तेवढ्यात गर्दीतून आत्याचा आवाज आला.

“गुर्जी, दारातनं सरा. तुमच्यामुळं काय दिसंना.”