ठरल्याप्रमाणे

त्या मंगळवारी दुपारी माझा नवरा परळच्या इस्पितळात वारला. मी शाळेच्या ग्रंथालयात कामावर होते.

काही महिन्यांनी त्याच्या नावाने एक मेल आली. तिथी काढणारा एक प्रोग्राम त्याने बरीच वर्षं खपून लिहिला होता. ओपन सोर्स, म्हणजे कोणीही फुकट वापरावा, उघडून बघावा, सुधारावा. परदेशातल्या एका फाउंडेशनने तो आपल्या छत्राखाली घेतला होता. तिथल्या बाईंनी लिहिलं होतं की प्रकल्प धोरणात बसत नाही. देखभालीला किमान तीन माणसं हवीत आणि प्रत्येक निर्णय सर्वांना दिसेल अशा चर्चागटावर झालेला हवा. नाहीतर प्रकल्प बंद करून जपून ठेवला जाईल. लोक तो वाचू शकतील, बदलू मात्र कोणीच शकणार नाही.

मी ती मेल तीनदा वाचली. जपून ठेवण्यात वाईट काय, हे मला आधी कळेना. मग कळलं, आणि तो बंद होऊ द्यायचा नाही एवढं एकच त्या दिवसांत मला स्पष्ट होतं.

त्याचा मित्र, आमचे भावजी, जवळच्याच घोडपदेवहून आमच्या काळाचौकीच्या घरी आले. प्रोग्राम दोघांनी मिळून केलेला. आम्ही दिवसभर एकेक ओळ बघत होतो. एरवी प्रोग्राम सूर्योदयाची तिथी धरायचा, पण श्राद्धासाठी दुपारची. त्या ओळीपुढे त्याने एकच शब्द लिहिला होता: ठरल्याप्रमाणे.

फाउंडेशनच्या बाईंनी त्यावर मेलने विचारलं, कोणी ठरवलं आणि कुठे?

"कुठे म्हणजे? इथेच, गॅलरीत," भावजी म्हणाले. "सगळं गॅलरीतच ठरायचं, वहिनी. काळाचौकीत राहून मेल कोण पाठवतं? हाक मारली की झालं."

"पण दुपारची का?"

भावजी कठड्याला टेकले. "मी म्हटलं होतं, सूर्योदयच ठेव, सोपं पडतं. तो नको म्हणाला. कारणही सांगितलं होतं त्याने. मग चहा आला, आणि... खरंच आठवत नाही."

"चहा मीच आणला असेल."

"मग तुम्हीच ऐकलं असेल."

मी ऐकलं नव्हतं. त्या दोघांचं बोलणं मला पंख्याच्या आवाजासारखं झालं होतं.

मी ग्रंथालयात धर्मशास्त्रावरची पुस्तकं काढली. श्राद्ध हे दुपारचं कर्म, म्हणून त्या वेळेची तिथी धरायची, असं त्यांत होतं. नियम बरोबर होता. पण त्याचं कारण हेच होतं का? तो कधी श्राद्धाला धड बसलेला मला आठवत नाही. तो असल्या गोष्टींना हसायचा. मग त्याने हट्ट का धरला असेल?

तेवढ्यात वर्षश्राद्ध जवळ आलं. आश्विन वद्य सप्तमी. त्या वर्षी ती एका दिवशी सकाळी उशिरा लागत होती आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या आधी संपत होती. भिंतीवरच्या कॅलेंडरात सूर्योदयाच्या तिथीने दुसरा दिवस, त्याच्या प्रोग्राममध्ये दुपारच्या तिथीने पहिला.

सासूबाई म्हणाल्या, "त्यानेच केलेलं ना गो ते? मग त्याचाच दिवस सांगूक काय होता त्याका?"

"सांगतंय, आई. कॅलेंडर वेगळं सांगतंय."

"मगे खरो दिवस कुठलो?"



अखेर मी चर्चागटावर लिहिलं. मुद्दा नव्याने मांडते आहे. नियम आहे तसाच ठेवावा. ग्रंथांतलं कारण असं आहे. हा निर्णय पूर्वी आमच्या गॅलरीत झाला होता, तेव्हाचं कारण आज आम्हां कोणालाच आठवत नाही. नागपूरच्या एका बाईंनी पाठिंबा दिला आणि देखभालीत यायची तयारीही दाखवली. एकाने विचारलं, या काळात श्राद्ध हवंच कशाला? त्याला कोणी उत्तर दिलं नाही. मुदतीत कोणी हरकत घेतली नाही, तर संमती आहे असं धरतात. कोणी घेतली नाही. गप्प राहण्याचा असाही अर्थ होतो, हे मला नवं होतं. मी आयुष्यभर गप्पच राहत आले. त्या वेळी कशाकशाला संमती गेली असेल, कोण जाणे.

भटजींना दुसरा दिवस मोकळा होता, म्हणून श्राद्ध दुसऱ्या दिवशी झालं. आदल्या दुपारी मी एकटीने एक पान वाढून ठेवलं होतं. सासूबाईंनी बघितलं आणि काही विचारलं नाही.

ठरलेला प्रत्येक नियम आता चर्चेच्या दुव्यासह लिहावा लागतो. 'ठरल्याप्रमाणे' हा त्याचा शब्द मला काढावा लागला. भावजी म्हणाले, "राहू दे की, कोणाचं काय अडतंय?" मग तेच म्हणाले, "नको, काढा. पुन्हा विचारतील."

प्रकल्प चालू आहे. देखभालीला भावजी, नागपूरच्या बाई आणि मी आहोत. त्याचं नाव माजी देखभालकर्त्यांत आहे. आम्ही अजून गॅलरीतच बोलतो, आणि मग आत येऊन मी ते सगळं चर्चागटावर लिहिते, कारणासकट.