दानीएलची गुप्त प्रार्थना

इस्लामपूरच्या बाजारात मिरच्या निवडत होतो, तेव्हा निरोप आला... दानीएल गेला. पिशवी तिथंच टाकून धावलो. महिना झाला त्याला. पण दानीएलबद्दल डोळे पुसत लिहायला बसावं, तर हसूच फुटतं. त्याला माझा इलाज नाही!

आमची रानं लागून. पहिल्या महायुद्धात तोफांजवळ राहून त्याचे कान गेले होते. प्रार्थना एकांतात करावी, ही शिकवण त्यानं मनावर घेतलेली. पण एका खोलीत सात माणसं, एकांत कुठला? म्हणून रोज सकाळी तो पाखरांपासून शाळू राखायच्या रानातल्या उंच माळ्यावर चढायचा, टोपी काढायचा आणि देवाशी कुजबुजायचा. निदान त्याला तसं वाटायचं. प्रत्यक्षात अर्धं शिवार विळे थांबवून ऐकत असे! बायकोशी झालेलं भांडण, उपदेश चालू असताना लागलेली डुलकी, सगळं. कुणी त्याला कधी सांगितलं नाही. सांगितलं तर गडी गप्प होईल, ही भीती.

एका वर्षी आमचं बोलणं बंद होतं. बांधावरचा हद्दीचा दगड माझ्या रानात हातभर सरकला होता आणि तो म्हणे, मला काही ठाऊक नाही. अन् एका सकाळी माळ्यावरून आवाज आला, "प्रभो, दगड मीच हलवला. शांतवनला आज सांगतो."

मी शाळूत उडालोच! घरी येऊन ओट्यावर वाट बघत बसलो. आला नाही. दुसऱ्या सकाळी, "प्रभो, काल धीर झाला न्हाई." असे नऊ दिवस! वाटेत भेटेल तो मला विचारी, "आला का रं?" शेवटी प्रभुभोजनाच्या रविवारी चर्चच्या पायरीवर त्यानं माझा हात धरला. "शांतवन, दगड मी हलवला. हे सांगितल्याबिगर आत प्रभूच्या भाकरीला हात कसा लावू?" मी छाती धरली, डोळे विस्फारले, "काय सांगतोस गड्या!" मागं बायका तोंडात पदर कोंबून उभ्या.

दुपारीच दगड काढला. पहार त्यानं मारली, जागा मी दाखवली... आणि इथं माझं हसू अडतं. मी दाखवलेली जागा खऱ्या हद्दीच्या वीतभर पलीकडं, त्याच्या रानात होती. तो एवढंच म्हणाला, "तू म्हणशील तिथं." हे मी त्याला कधीच सांगितलं नाही.

गेल्या आठवड्यात त्याच्या माळ्यावर चढलो, टोपी काढली आणि मुद्दाम मोठ्यानं देवाला सगळं सांगून टाकलं. आमेन म्हणतो न म्हणतो तोच खालून त्याची बायको, मार्थावहिनी, म्हणाली,

"ऐकलं, भावजी. मी पहार आणती, तुमी उतरा खाली."