दोन तपकिरी पाखरं आणि मृण्मयी

मृण्मयीची गाडी बर्फावर घसरली, ती गेली, असा फोन आला तेव्हा मी कॅम्पसच्या बसमध्ये होते. माझा स्टॉप गेला, पुढचाही गेला... मी बसूनच राहिले. आता दीड महिना होत आला. खरं सांगायचं तर मला रडू कमी येतं, संताप जास्त येतो.

अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या एका अपार्टमेंटमध्ये आम्ही एकत्र राहायचो. मी पुण्याची, कॉम्प्युटरवाली. ती नागपूरची, पक्ष्यांवर पीएचडी करणारी. तिचे पक्षी आफ्रिकेतल्या डोंगराळ गवतातले, आपल्या वटवट्याच्या जातकुळीतले, मूठभर, तपकिरी. पुस्तकांत त्यांची जात एकच. मृण्मयीचं म्हणणं, जाती दोन. "दिसायला सेम आहेत यार, पण गाणं ऐक ना," म्हणत ती पोळ्या लाटता लाटता रेकॉर्डिंग लावायची. एक रडवेली शीळ घालायचा, दुसरा नुसता खुळखुळायचा. परक्या जातीचं गाणं स्पीकरवर लावलं तर पक्षी ढुंकूनही बघत नसे. आपल्या जातीचं लागलं की स्पीकरशीच भांडायला धावून येई. हे तिने उन्हातान्हात, गवतात तासन्‌तास बसून पुन्हा पुन्हा तपासलं होतं.

तिच्या प्रोफेसरांना ते पटत नव्हतं. "इंटरेस्टिंग, बट नॉट एनफ," म्हणायचे, आणि ही पुन्हा बॅग भरायची. शोकसभेत मात्र तेच पहिले बोलायला उठले. "शी वॉज फॅमिली," म्हणाले. आमच्याकडे घरच्यांची नावं लग्नपत्रिकेत आधी छापतात, हे त्यांना कोण सांगणार!

गेल्या आठवड्यात त्यांनीच मला आपला नवा लेख पाठवला, मृण्मयीच्या आईला समजावून सांग म्हणून. जाती दोनच आहेत, गाण्यावरून सिद्ध होतं, असं त्यात ठणकावून लिहिलंय. वर त्यांचं एकट्याचं नाव. मृण्मयी अगदी तळाशी, आभारांत.

तिच्या खोलीत बसून मी काकूंना व्हिडिओ कॉल लावला. मागे खुर्चीवर तिचे पायमोजे तसेच पडले होते, तिकडच्या गवताची कुसळं रुतलेले. काकूंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"आभार मदत करणाऱ्याचे मानतात ना गं?"

"हो, काकू."

"मग काम कुणी केलं?"

त्या माझ्या मागे, खुर्चीकडे बघत होत्या.

"ते मोजे धुऊ नकोस हं," म्हणाल्या. "आहेत तसेच पाठव. बाकीचं राहू दे त्या सरांकडे."