पत्र्याला टेकलेला बदाम

गडमुडशिंगीच्या थांब्यावर मी रोज बसची वाट बघायचो, तेव्हा समोरच्या अंगणातली बाई देशी बदामाला तांदळाचं धुवण घालत असायची. घालून झालं की ओला तळवा खोडावर थोपटायची. झाड तिनंच लावलेलं, पण अगदी हद्दीला चिकटून. आता त्याची फांदी शेजाऱ्याच्या गोठ्याच्या पत्र्याखाली अडकली होती आणि त्यावरून दोघांचं रोज वाजायचं.

एका सकाळी शेजारी शिडीवर चढलेला दिसला. हातात कटर मशीन होतं. झाडं वाचवा म्हणून मी गावोगाव पत्रकं वाटलेली. डोळ्यांदेखत झाड पडू देणं शक्यच नव्हतं. आलेली बस सोडून मी रस्ता ओलांडला आणि दरडावलं, "झाडाला हात लावायचा नाही."

शेजारी वरूनच म्हणाला, "पावणं, झाड कोण तोडतंय? पत्रा कापतोय. म्हशींना ह्याचीच सावली हाय."

बाईनं खाली शिडी धरली होती. "लावताना माझंच चुकलं. वीतभर रोप हुतं, एवढं पसरंल वाटलं न्हाय. झाडाला काय मागं सरकाय येतंय व्हय? पत्र्याला येतंय की." मग अंगणाकडं बोट केलं. "औंदाचं रोप मधोमध लावलंय."

"म्हंजे आता हिलाच घरात शिराय वाट न्हाय," शेजारी म्हणाला.

मला हसू आलं. भांडायला आवळलेली मूठ सोडून मी शिडीची दुसरी बाजू धरली. पत्र्याचा तुकडा खाली पडला आणि दबलेली फांदी हातभर वर उठली.