गुडघ्यापायी

काल पनवेलच्या बाजारात एक म्हातारा दुकानाच्या पायरीवर बसून गुडघ्याला बाम चोळत होता, आणि तो वास नाकात शिरताच मला काठमांडूचा पहिला दिवस आठवला. दुसऱ्या दिवशी आमचा ट्रेक सुरू होणार होता. त्यासाठी बाबांनी वर्षभर दर रविवारी कर्नाळा किल्ला चढून सराव केला होता. अनोळखी गल्ल्यांतून, तुपाच्या दिव्यांच्या धुरातून हिंडत आम्ही स्तूपाच्या टेकडीपाशी आलो. पन्नासेक पायऱ्यांवरच बाबांचा गुडघा आखडला. खिशातला बाम काढून चोळत ते म्हणाले, "तू जा वर. मी हाय इथंच." वरून हिमशिखरं इतकी लख्ख दिसली की मला रडूच आलं. खाली आले, तर बाबा मान वर करून वाट बघत होते. "दिसला का गं हिमालय?" त्यांना हळहळ वाटू नये म्हणून मी म्हणाले, "नाय बाबा, नुसते ढग. ट्रेकला जाऊन तरी काय दिसणार? घरी जाऊ." ट्रेक न करताच आम्ही परतलो. पण पुढे कोन गावातल्या आमच्या घरी ओट्यावर येईल त्याला सांगत राहिले, "माझ्या गुडघ्यापायी उशीर झाला, तवर ढग आले. पोरीला हिमालय दिसला नाय." शेवटच्या आजारपणातही माझा हात धरून म्हणाले, "एकदा जाऊन बघून ये." खरं सांगायला मी तोंड उघडलं, पण "जाते बाबा" एवढंच बाहेर पडलं. काल त्या अनोळखी म्हाताऱ्यापाशी बसून सांगावंसं वाटलं, की आभाळ अगदी स्वच्छ होतं.